रद्दीतल्या कागदाचा स्वभाव

माझ्या कामाच्या टेबलाखाली कागदाची पाच खोकी आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकात वेगळा कागद आहे. एकात वर्तमानपत्रे, दुसऱ्यात एका बाजूने छापलेले पांढरे कागद, तिसऱ्यात मासिकांची गुळगुळीत पाने, चौथ्यात तपकिरी वेष्टनाचे कागद आणि पाचव्यात पुठ्ठा. बारा वर्षांपूर्वी मी रद्दीपासून शोभेच्या वस्तू करू लागलो, तेव्हा हे सारे एकाच पोत्यात भरलेले असे. काय करायचे ते आधी ठरायचे आणि मग पोत्यात हात घालून जो कागद वर येईल तो घेतला जायचा. आज मी नेमके उलटे करतो. कागद आधी हातात घेतो, वाकवतो, फाडतो, त्याला थेंबभर पाणी लावून पाहतो आणि मगच त्याचे काय होऊ शकेल याचा विचार करतो. मला सांगायचे आहे ते एवढेच. परंतु ते पटण्यासारखे सांगायचे, तर कागदाच्या अंगात काय असते ते थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल.

ही सवय एका वाईट अनुभवातून लागली. पहिल्याच वर्षी मी वर्तमानपत्राच्या पाकळ्यांची मोठाली फुले करून बहिणीला तिच्या घरातल्या भिंतीवर लावायला दिली होती. कागद मऊ होता, पाकळ्यांना वळण छान बसले होते आणि छापलेल्या अक्षरांची राखाडी छटा फार देखणी दिसत होती. त्या भिंतीवर खिडकीतून दुपारचे ऊन येई. काही महिन्यांतच उन्हाकडच्या पाकळ्या पिवळ्या पडल्या, पुढे तपकिरी झाल्या आणि शेवटी हात लावताच त्यांच्या कडा तुटू लागल्या. त्याच भिंतीवर छपाईच्या पांढऱ्या कागदाची केलेली लहान फुले होती, ती मात्र जवळजवळ जशीच्या तशी राहिली. डिंक तोच होता, हात तोच होता आणि ऊनही तेच होते. फरक होता तो कागदाच्या जातीत.

वर्तमानपत्राचा कागद बहुतांशी लाकूड यंत्राने घासून, वाटून केलेल्या लगद्याचा असतो. जर्मनीतील सॅक्सनी भागात फ्रीडरिश गॉटलोब केलर या विणकराने १८४४ च्या सुमारास ओल्या दगडावर लाकूड घासून असा लगदा काढण्याची रीत शोधली आणि पुढच्या काही दशकांत कागद विलक्षण स्वस्त झाला. तोपर्यंत युरोपात कागद मुख्यतः जुन्या चिंध्यांपासून होत असे. लाकडात सेल्युलोजच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो आणि लाकूड नुसते वाटले तर तो लगद्यातच राहतो. उजेड आणि हवा यांचा लिग्निनवर परिणाम होऊन कागद पिवळा पडतो. छपाईच्या पांढऱ्या कागदाचा लगदा रासायनिक प्रक्रियेने काढलेला असल्यामुळे त्यातून हा घटक बराचसा निघून गेलेला असतो. हे समजल्यापासून मी वर्तमानपत्र वरच्या, दिसणाऱ्या आणि उजेडात राहणाऱ्या भागासाठी क्वचितच वापरतो. त्याची खरी जागा आतली आहे: थर चढवताना, नळ्या वळताना आणि रंग बसणार असेल अशा ठिकाणी. ज्याला पिवळेपणा आवडतो त्याने तो मुद्दाम आणावा, पण तो येणार हे ठाऊक असूनच आणावा.

आता मुळाकडे वळतो. कागद म्हणजे वनस्पतींचे बारीक तंतू पाण्यात पसरून, जाळीवर गाळून, दाबून वाळवलेला थर. त्या तंतूंना एकमेकांशी जोडण्यासाठी डिंकाची गरज नसते. पाणी निघून जाताना तंतू इतके जवळ येतात, की सेल्युलोजच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात आणि थर घट्ट होतो. पुन्हा पाणी मिळाले की हे बंध सैल होतात. लगदा करणे, ओल्या कागदाला हवे ते वळण देणे, वाळल्यावर तो तसाच राहणे, या सगळ्यांमागे एवढी एकच गोष्ट आहे. चीनमध्ये इसवी सन १०५ मध्ये त्साय लून या दरबारी अधिकाऱ्याने कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडल्याची नोंद आहे आणि त्याने वापरलेल्या सामग्रीत झाडाच्या सालीबरोबर चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळीही होती. (त्याहून जुने कागदाचे तुकडेही चीनमध्ये सापडलेले आहेत, परंतु रीत नीट बसवण्याचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते.) टाकलेल्या वस्तूंपासून कागद करणे ही आजची नवलाई आहे असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला त्या जाळ्यांची आठवण येते.

मात्र प्रत्येक वेळी भिजवून, वाटून आणि वाळवून तंतू थोडा आखूड आणि ताठर होतो. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो इतका आखूड होतो, की त्याचा धड कागद होत नाही. म्हणूनच रद्दी कागदापासून केलेला कागद नव्यासारखा वागेल अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. तो अधिक मऊ असतो, अधिक पाणी पितो आणि घडीवर लवकर तुटतो. या गुणांना दोष मानले तर काम कष्टाचे होते. त्यांना धरूनच काय करायचे ते ठरवले, तर तोच मऊपणा उठावाच्या कामात किती उपयोगी पडतो ते दिसते.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मी उशिरा शिकलो आणि ती म्हणजे तंतूंची दिशा. यंत्रावर कागद होताना लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू यंत्राच्या दिशेने आडवे पडून रांगेत येतात. त्यामुळे प्रत्येक यंत्रनिर्मित कागद एका दिशेने सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो. हे पाहण्याच्या तीन सोप्या तऱ्हा आहेत. कागद घडी न घालता नुसता वाकवून दोन्ही दिशांनी तळहाताने हलके दाबावा; जिकडे विरोध कमी जाणवतो, तिकडे बाकाची रेघ तंतूंना समांतर असते. दुसरी तऱ्हा फाडण्याची: तंतूंच्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा फाटतो. वर्तमानपत्र वरून खाली फाडले तर जवळजवळ पट्टीने कापल्यासारखी पट्टी निघते आणि आडवे फाडले तर कुठल्या कुठे जाते, हे बहुतेकांनी पाहिलेले असेल. तिसरी तऱ्हा पाण्याची आहे. लहानसा चौकोन कापून त्याची एक बाजू ओली केली, की तो आपोआप गुंडाळला जातो. तंतू भिजल्यावर लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि जी गुंडाळी होते तिचा अक्ष तंतूंना समांतर असतो. तिन्ही तऱ्हांपैकी मला पाण्याचीच अधिक भरवशाची वाटते, कारण पातळ कागदात हाताला फरक कळेलच असे नाही, पण पाणी फसवत नाही.

याचा उपयोग पावलोपावली होतो. शुभेच्छापत्राची घडी तंतूंना समांतर घातली तर कड स्वच्छ येते. आडवी घातली तर घडीवर कागदाचे बारीक पापुद्रे उलतात आणि जाड कागदात ते फार वाईट दिसते. पुठ्ठ्यावर कागद चिकटवताना दोन्हींच्या तंतूंची दिशा एकच ठेवली, तर वाळताना ओढाताण कमी होते. एका बाजूला कागद चिकटवलेला पुठ्ठा वाळल्यावर नावेसारखा वाकतो, कारण ओला कागद पसरतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच दिशेने लावणे. मागची बाजू कोणाला दिसणार नाही म्हणून ती सोडून देणे हे मी अनेकांच्या कामात पाहतो आणि त्याची किंमत दर्शनी बाजूला मोजावी लागते.

लगद्यापासून नवा कागद करणे हा या सगळ्या कामातला मला सर्वांत प्रिय भाग आहे, त्यामुळे त्यावर थोडा जास्त वेळ थांबतो. छपाईच्या पांढऱ्या कागदाच्या बंदावर बहुधा ८० जीएसएम असे लिहिलेले असते, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे वजन ८० ग्रॅम. ए-फोर आकाराचे १६ कागद जोडले की एक चौरस मीटर होतो, म्हणजे एका कागदाचे वजन ५ ग्रॅम. हाताने केलेला, त्याच्या निम्म्या आकाराचा जाडसर कागद १५० जीएसएमचा धरला, तर त्याला जेमतेम पावणेपाच ग्रॅम लगदा लागतो. एका रद्दी कागदातून एक छोटे, देखणे पत्र निघते, हा हिशेब लक्षात ठेवला की किती भिजवायचे याचा अंदाज चुकत नाही आणि लगदा वाया जात नाही.

कागद हाताने फाडून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर पाण्यात ठेवावेत. गुळगुळीत मुलामा असलेला कागद यात घेऊ नये. त्यावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा थर असतो, तो पाण्यात उतरून लगदा चिकट आणि निर्जीव करतो. खरेदीच्या पावत्यांचा उष्णतेने छापला जाणारा कागद तर कधीच घेऊ नये, कारण त्याच्या वरच्या थरात बिस्फेनॉलसारखी रसायने असतात आणि ती हाताला लागतात. भिजलेले मूठभर तुकडे मिक्सरच्या भांड्यात घालून भांडे दोन तृतीयांश पाण्याने भरावे आणि थांबून थांबून फिरवावे. सलग फिरवले तर तंतू तुटतात, आणि ते आधीच आखूड झालेले असल्यामुळे हे परवडणारे नसते. हा मिक्सर केवळ याच कामासाठी ठेवावा.

दोन सारख्या लाकडी चौकटी लागतात. एकीवर बारीक जाळी ताणून बसवलेली, दुसरी मोकळी. पसरट टबात पाणी आणि लगदा ढवळून, मोकळी चौकट जाळीवर ठेवून दोन्ही एकत्र तिरक्या बुडवाव्यात, पाण्याखाली आडव्या कराव्यात आणि सरळ वर उचलाव्यात. वर येताना डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे असा हलका झटका द्यावा लागतो. त्या दोन-तीन सेकंदांतच तंतू एकमेकांत गुंततात आणि पाणी एकदा निथळले की मग कितीही हलवले तरी उपयोग होत नाही. हाताने केलेल्या कागदाला दोन्ही दिशांनी जवळजवळ सारखी ताकद असते, याचे कारण हा झटका. मग मोकळी चौकट काढून, जाळी ओल्या सुती कापडावर उलटी ठेवून मागून स्पंजने पाणी टिपून घ्यावे आणि एका कडेकडून जाळी उचलावी. पहिले काही कागद फाटतात. लगदा फार पातळ आहे, किंवा कापड कोरडे आहे, किंवा जाळी घाईने उचलली आहे, यांपैकी एखादे कारण असते. वाळवण्याची जागा कागदाचा पोत ठरवते. कापडावर वाळला तर कापडाची वीण उमटते, काचेवर वाळला तर एक बाजू काचेसारखी गुळगुळीत होते. काचेवरचा कागद पूर्ण वाळला की त्याच्या कडा आपोआप सुटू लागतात आणि तेव्हाच काढावा.

छापील अक्षरांची शाई घरी निघत नाही, हे आधीच मान्य करावे. छापलेल्या कागदावरची शाई धुऊन पुन्हा कागद करण्याचे प्रयत्न जुने आहेत. गॉटिंगेन येथील कायदेपंडित युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ मध्ये यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि मथायस कूप्स यांना लंडनमध्ये १८०० साली अशा पद्धतीचे पेटंट मिळाले. कारखान्यात आज हे काम साबणासारखी द्रव्ये आणि हवेचे बुडबुडे वापरून होते; शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. घरच्या टबात लगदा राखाडीच राहतो आणि मला तो राखाडी रंग आवडतो. त्यात तपकिरी वेष्टनाच्या कागदाचा लगदा निम्मा मिसळला तर पावसाळी ढगासारखी ऊबदार छटा येते. रंगीत कागदाचे बारीक कपटे शेवटी, मिक्सर थांबवल्यावर, टबात टाकले तर ते न विरघळता कागदात ठिपक्यांसारखे अडकून राहतात. सुकलेली पाने किंवा पाकळ्या घालायच्या असतील तर त्या पूर्ण वाळलेल्या असाव्यात, कारण ओल्या पाकळीचा रंग भोवती पसरतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतात.

वाडगे, मुखवटे, फुलदाणीचे कवच अशा पोकळ वस्तूंसाठी दोन वाटा आहेत: लगदा साच्यावर थापणे किंवा पट्ट्यांचे थर चढवणे. काश्मीरमधील पेपर माशेच्या परंपरेत लगद्याचा आकार घडवणाऱ्या कामाला सख्तसाझी म्हणतात आणि त्यावर रंगकाम करण्याला नक्काशी. ही दोन्ही कामे वेगवेगळे कारागीर करतात. थरांच्या पद्धतीचे एक टोक बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले यांनी गाठले. १७७२ मध्ये त्यांनी चिकटवलेल्या कागदांचे थर उष्णता देऊन इतके टणक करण्याचे पेटंट घेतले, की त्यांचे ट्रे आणि घोडागाडीच्या फळ्या होऊ लागल्या. घरी काम करताना मला थरांची वाटच अधिक आवडते. लगदा वाळताना बराच आकसतो आणि जाड भागात आतून ओला राहून कुजट वास धरतो. पट्ट्यांचा थर पातळ, हलका आणि अधिक भरवशाचा होतो.

पट्ट्या कापू नयेत, फाडाव्यात. फाडलेल्या कडेला तंतूंची बारीक झालर राहते आणि ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. कापलेली कड मात्र कितीही रंग दिला तरी रेघ होऊन दिसत राहते. एक थर वर्तमानपत्राचा आणि पुढचा तपकिरी कागदाचा असा क्रम ठेवला, तर कुठे जागा राहिली ते रंगावरूनच कळते. प्रत्येक थर आधीच्या थराला आडवा लावावा. एका बैठकीत दोनच थर चढवावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि एकंदर आठ थरांपर्यंत जावे. घाई करून सहा थर एकदम चढवले, तर वरचा कोरडा दिसतो आणि आतला ओला राहतो. पुढे तिथेच बुरशी येते. साचा म्हणून वापरलेल्या भांड्यावर आधी पातळ प्लास्टिक ताणून बसवावे आणि तोंडाशी रुंद असलेलेच भांडे घ्यावे, कारण कागद वाळताना साच्यावर आवळला जातो आणि निमुळत्या तोंडाच्या भांड्यातून तो न कापता निघत नाही.

हे थर ज्या खळीने चिकटवायचे, तिच्याबद्दल मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवून, एकंदर पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवावा. पांढरेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की ती तयार झाली. ती दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करावी. अनेक जण तिच्यात टिकण्यासाठी तुरटी घालतात. मी घालत नाही. तुरटीमुळे आम्लता येते आणि आम्ल सेल्युलोजचे रेणू हळूहळू तोडते. एकोणिसाव्या शतकात कागदाला शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरण्याची पद्धत सर्वत्र पसरली आणि त्या काळातली असंख्य पुस्तके आज ठिसूळ होऊन त्यांच्या पानांचा चुरा होतो आहे, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. वस्तू वर्षभरच ठेवायची असेल तर तुरटीने काही बिघडत नाही. तिला बराच काळ जपायचे असेल तर मिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या भुकटीची खळ उत्तम. ती आम्लयुक्त नसते आणि पिष्टावर येणारे कसरीसारखे किडेही तिच्याकडे वळत नाहीत.

वर्तमानपत्राच्या नळ्यांच्या टोपल्या आता पुष्कळ जण विणतात आणि त्यात तंतूंच्या दिशेचे महत्त्व सर्वांत चटकन दिसते. साधारण आठ ते दहा सेंटीमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापून, विणकामाच्या बारीक सुईभोवती एका कोपऱ्यापासून तिरके गुंडाळत जायचे आणि शेवटच्या कोपऱ्याला डिंकाचा ठिपका लावायचा. पट्टी उभी कापली असेल, तर तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने येतात. गुंडाळणे सोपे जाते आणि नळी ताठ होते. आडव्या पट्टीची नळी ढिली आणि लुळी होते आणि पहिल्याच वळणावर मोडते. तिरके गुंडाळल्यामुळे नळीचे एक टोक थोडे बारीक राहते, ते पुढच्या नळीच्या तोंडात सरकवून लांबी वाढवता येते. विणण्यापूर्वी नळ्यांवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून त्या अर्धा तास कापडात गुंडाळून ठेवल्या, की वळणावर चिरत नाहीत.

जपानमध्ये जुन्या हिशेबाच्या वह्यांच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या कापून, त्यांना पीळ देऊन दोरा करत आणि त्या दोऱ्याचे कापड विणत. त्या कापडाला शिफू म्हणतात. ते शक्य झाले, कारण तो कागद कोझो नावाच्या झुडपाच्या अंतर्सालीच्या लांब तंतूंचा होता. आपल्या रद्दीतल्या वर्तमानपत्राला पीळ दिला तर दोरा होतो खरा, पण जरा ताण पडताच तो तुटतो. मी तसा दोरा फक्त चौकटीच्या कडेला नक्षी म्हणून चिकटवतो, जिथे त्याच्यावर कसलाही भार येत नाही.

क्विलिंगबद्दल, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्यांची वेटोळी करून नक्षी रचण्याच्या कलेबद्दल, थोडक्यात. युरोपातील मठांमध्ये पुस्तकांच्या सोनेरी कडांच्या कातरणांपासून ही कला वाढली असे सांगितले जाते, आणि तसे असेल तर तीही उरलेल्या कागदाचीच कला. रद्दीतून पट्ट्या काढायच्या तर मासिकांचे कागद टाळावेत. मुलाम्यामुळे त्यांचे वेटोळे घसरते आणि सुटते. एका बाजूने छापलेला साधा पांढरा कागद तीन किंवा पाच मिलिमीटरच्या पट्ट्यांत कापला, तर छपाईची शाई वेटोळ्याच्या आत लपते आणि वर फक्त पांढऱ्या कडा दिसतात. घट्ट वेटोळ्यांसाठी तंतू पट्टीच्या रुंदीच्या दिशेने असावेत, म्हणजे पट्टी न मोडता वळते. मात्र अशी पट्टी ओढली तर सहज तुटते, म्हणून हात हलका ठेवावा लागतो.

मग मासिकांची पाने कशासाठी? रंगासाठी. मासिकातले छायाचित्र म्हणजे रंगछटांचा खजिना असतो. आकाशाच्या एका तुकड्यात निळ्याच्या वीस छटा सापडतात. मेरी डिलेनी या इंग्लंडमधील बाईंनी १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, जिरेनियमची पाकळी आणि जवळच पडलेला लाल कागदाचा तुकडा यांचा रंग एकच आहे हे पाहून तो कागद कापायला घेतला. पुढच्या दहा वर्षांत, नजर क्षीण होईपर्यंत, त्यांनी काळ्या कागदावर बारीक कातरणे चिकटवून जवळजवळ एक हजार वनस्पतींची चित्रे केली आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काही चित्रांत एका फुलासाठी शेकडो तुकडे आहेत. मला यातला पहिला क्षण फार मोलाचा वाटतो. फूल समोर होते आणि कागदही समोर होता. त्यांनी कागदाकडे नीट पाहिले म्हणूनच पुढचे सगळे घडले. मी मासिकांची पाने विषयानुसार लावत नाही, रंगानुसार लावतो, आणि पान उलटे धरून पाहतो, म्हणजे चित्र कशाचे आहे ते डोळ्यांना विसरता येते आणि फक्त छटा उरते.

काही कागद मी कापत नाही. हाताने लिहिलेली पत्रे, वह्या, नोंदी आणि वाचता येण्याजोगी पुस्तके यांना मी कात्री लावत नाही. जुन्या पुस्तकाची पाने दुमडून शोभेची वस्तू करण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि तिच्यात कौशल्य आहे हे मी मानतो, परंतु ज्या पुस्तकाला अजून एखादा वाचक मिळू शकतो त्याची रद्दी आपण परस्पर ठरवू नये असे मला मनापासून वाटते. पाने गळून गेलेले किंवा वाळवीने खाल्लेले पुस्तक असेल तर गोष्ट वेगळी. तसेच चकचकीत प्लास्टिकची भुकटी आणि प्लास्टिकचा मुलामा मी या कामात येऊ देत नाही. ती भुकटी एकदा कागदावर बसली की तो कागद पुन्हा लगद्यात घेता येत नाही. आज ज्याला आपण रद्दीचा उपयोग म्हणतो, त्यातून उद्या कोणालाच उपयोग न होणारी वस्तू तयार होते. कागदाचा पोत, फाडलेली कड, छपाईची पुसट अक्षरे यांत पुरेसे सौंदर्य आहे आणि सोनेरी रंगाखाली ते झाकून टाकणाऱ्यांना मी नेहमी एकदा तरी वस्तू न रंगवता ठेवून बघा असे सांगतो.

शेवटचा हात देताना वस्तू कुठे ठेवली जाणार हे पाहावे. भिंतीवरच्या कामाला काहीच लावले नाही तरी चालते. हाताळल्या जाणाऱ्या वाडग्याला आतून-बाहेरून पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत. एकाच बाजूला दिले तर दमट हवेत ते थोडे वाकते. हाताने केलेल्या कागदाची दिव्याची छत्री फार सुंदर दिसते, कारण उजेड पडला की तंतूंचे जाळे स्पष्ट होते, परंतु आत केवळ कमी तापणारा एलईडी दिवा असावा आणि कागद दिव्यापासून चांगला वीतभर दूर राहावा. धूळ काढायला कोरडा, मऊ कुंचला पुरतो. थरांच्या वाडग्याची कड कधी उलली, तर फाडलेली बारीक पट्टी त्याच खळीने आतून आणि बाहेरून लावून, वरून भांड्याच्या बुडाने घोटून, रात्रभर चिमट्यात धरून ठेवावी. माझ्याकडच्या सर्वांत जुन्या वाडग्याला अशी चार ठिगळे आहेत आणि त्यांतली दोन कुठे आहेत, हे आता मलाही बोट फिरवून शोधावे लागते.